गोधडी, नऊवारी आणि बर्न टेस्ट

खरं सांगायचं तर शिवणकाम आणि मी यांचा दूरदूरचा संबंध नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालाला हेम घालायची होती, तीसुद्धा आईनंच घालून दिली. अजूनही कुर्त्याचं बटण तुटलं की मी सेफ्टी पिन लावून मोकळी होते. त्यामुळे 'मी गोधडी शिवतेय' असं मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा सगळ्यात आधी आला तो हसण्याचा इमोजी. मग एकीनं विचारलं, "डेडलाइन कुणी दिलीय?"

डेडलाइन दिली होती बोहारणीनं. झालं असं, की गेल्या दिवाळीच्या साफसफाईत साताऱ्याच्या घरी माळ्यावरून आजीची ट्रंक खाली आली. आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ट्रंकेत अकरा साड्या, बहुतेक सगळ्या नऊवारी. मी सकाळी उठून चहा घ्यायला आले तर दारात बोहारीण बसलेली, आई एकेक साडी तिच्यापुढे टाकतेय आणि सौदा एका स्टीलच्या पातेल्यावर अडलेला! मी ब्रश तोंडात असतानाच ओरडले, "थांब!" आई म्हणाली, "मग काय करणार आहेस? नेसणार आहेस?" सुचलं ते बोलून गेले, "गोधडी करणार आहे."

आईनं काही न बोलता साड्या परत ट्रंकेत टाकल्या. तिला त्या घरात नको होत्या, एवढं माझ्या लक्षात आलं. का, ते कळायला मात्र चार महिने लागले.

पुण्याला परत आल्यावर मी आमच्या पिढीला जमतं ते केलं. व्हिडिओ बघितले. अमेरिकेतल्या बायका टेबलावर गोल फिरणाऱ्या कटरनं कापडाचे झकास चौकोन कापतात, त्यांच्याकडे रंगाप्रमाणे लावलेल्या कपड्यांचं अख्खं कपाट असतं. मीही इम्प्रेस होऊन रविवार पेठ गाठली आणि बारीक फुलांचं 'प्युअर कॉटन' पाच मीटर घेऊन आले. आजीच्या साड्या आत भरायच्या आणि वर हे मस्त नवंकोरं कापड, असा माझा फंडा होता.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या ताईंच्या सासूबाई गोधड्या शिवून देतात. सत्तरीच्या पुढच्या, नजर मात्र तेज. त्यांना मी कापड अभिमानानं दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांत चुरगळलं, सोडलं, पुन्हा चुरगळलं. "हे कशाला आणलंस गं?"

"मावशी, प्युअर कॉटन आहे."

"सुरकुती कुठं पडतीय? सुताला सुरकुती पडती."

मग त्यांनी जी उलटतपासणी घेतली, ती मास कॉमच्या कुठल्याच व्हायव्हात झाली नव्हती. कापड उन्हाकडे धरून बघितलंस का? धुऊन बघितलंस का? हातानं शिवणार का मशिननं? हातानं, म्हटल्यावर त्यांनी सुई माझ्या हातात दिली आणि त्या कापडाच्या चार घड्या करून म्हणाल्या, "घाल टाका." सुई आत जाईना. गेली ती बाहेर येईना. मग त्यांनी आजीच्या एका जुन्या सुती साडीच्या चार घड्या माझ्यापुढे धरल्या. सुई लोण्यातून जावी तशी गेली.

यातलं विज्ञान मला नंतर समजलं. नव्या कापडाला खळ असते, विणही घट्ट असते. साडी वर्षानुवर्षं धुतली, की खळ निघून जाते, सूत सैल पडतं, तंतू मऊ होतात. आपण बेडशीट घेताना थ्रेड काउंट जितका जास्त तितकं भारी समजतो, पण हाताच्या शिवणाला ती दाट वीण म्हणजे शिक्षा. दुसरं म्हणजे नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शंभर इंचाला तीन-पाच इंच सहज जातात. जुनी साडी आटायची तेवढी कधीच आटून बसलेली असते. मग या दोघी एकत्र शिवल्या, की पहिल्या धुण्यानंतर वरचं कापड आकसतं, आतलं आकसत नाही आणि गोधडीचा पापड होतो.

जुन्या साड्यांमध्येही सगळं सारखं नसतं. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. कासोट्याचा भाग, बसण्याचा भाग आधी विरतो. पदर आणि आतलं टोक त्या मानानं धड राहतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी बरोबर घडीवर उसवते. मावशींची परीक्षा सोपी होती. कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलका ताण द्यायचा. बारीक 'टर्र' ऐकू आलं, तर ते कापड आतल्या थरात. आवाज आला नाही तर वर. आणि हाताला चिंधीच आली, तर फडकं. आमच्या अकरापैकी तीन साड्यांची फडकी झाली. त्यातली एक माझ्या आवडीची, मेंदी रंगाची होती. मी हळहळले तर मावशी म्हणाल्या, "नेसून नेसून संपली. साडीचं यापेक्षा बरं काय व्हायचं असतं?"

थोडं गणित सांगते, कारण मला ते जाम आवडलं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. पन्हा पंचेचाळीस इंच धरा. सिंगल बेडच्या पाच बाय सात फुटांच्या गोधडीला एका नऊवारीत जवळजवळ तीन थर निघतात, अर्थात पन्ह्यात जोड देऊन. आपल्याकडच्या थंडीला वर-खाली धरून पाच थर पुरे होतात. म्हणजे दोन साड्यांत गोधडी! बाकीच्या साड्या ठिगळांना, म्हणजे आपल्या भाषेत डिझाइनला.

कापताना मी कात्री काढली, तर मावशींनी ती बाजूला ठेवली. दातानं काठ तोडला आणि सर्रकन कापड फाडलं. मला वाटलं, घाई. पण साधं सुती कापड फाडलं की धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्री आपल्या नजरेप्रमाणे चालते, आणि माझी नजर किती सरळ ते सगळ्यांना माहीत आहे. सरळ का हवं? उभा धागा ओढला तर फारसा ताणला जात नाही, आडवा थोडा ताणला जातो आणि तिरपं ओढलं तर कापड रबरासारखं पसरतं. एक थर सरळ आणि एक तिरपा आला, की चार महिन्यांत गोधडीत झोळ पडतो. काठावर ठिगळ लावताना तर ही चूक फारच महाग पडते. (मी केली. एक बाजू अजूनही लाटेसारखी दिसते. विचारणाऱ्याला मी 'हँडमेड लुक' म्हणून सांगते.)

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं छोटं गाव आहे. तिथल्या बायकांनी नवऱ्यांच्या शेतातल्या विटक्या पँटी आणि जुने कपडे जोडून केलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. मी मावशींना फोनवर फोटो दाखवले. त्यांनी झूम करून नीट बघितले आणि म्हणाल्या, "भिंतीला कशाला लावल्यात? थंडी नाय का तिकडं?"

तर, बर्न टेस्ट. कापड खरंच सुती आहे का हे बघायची ही जुनी रीत. काठाचे दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरायचे, खाली ताटलीत पाणी ठेवायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीला लावायचे. सूत भुरुभुरु जळतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटानं दाबली तर पीठ होईल अशी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर जळण्याआधी वितळतं, आक्रसतं आणि मागे काळी टणक गोळी ठेवतं. माझ्या 'प्युअर कॉटन'नं आधी शहाण्यासारखी राख दिली आणि राखेत बारीक खडे निघाले. म्हणजे मिक्स! पाच मीटरचे पैसे गेले. दुकानदाराशी भांडायला जाणार होते, पण पावती मीच टाकून दिली होती.

फेब्रुवारीत एका शनिवारी आई पुण्याला आली. मी डायनिंग टेबलावर हीच प्रयोगशाळा मांडून बसले होते. ट्रंकेच्या तळाशी एक जांभळी नऊवारी होती, पांढऱ्या फुलांची, अगदी कोरी. घडी मोडलेली नाही.

"ही आजीनं नेसलीच नाही का गं कधी?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. मी घेतलेली ती."

मग हळूहळू बाहेर आलं. 1993 सालचा आईचा पहिला पगार. शाळेत तात्पुरती नोकरी. सासूला साडी घ्यायची म्हणून ती मुद्दाम पुण्याला आली होती. तेव्हा सिंथेटिकचं कौतुक असायचं. वाळायला वेळ नाही, इस्त्री नको, रंग जात नाही. सुतीपेक्षा महाग पडली, तरी घेतली. "त्यांनी हातात घेतली, 'बरी आहे' म्हणाल्या आणि ट्रंकेत टाकली. धाकट्या जाऊबाईंनी आणलेली साधी सुती मात्र दुसऱ्याच दिवशी नेसल्या." आईनं हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की मला कळेना काय बोलावं. तीस वर्षांत तिनं हे बाबांनाही सांगितलं नव्हतं.

काहीच सुचेना म्हणून मी माझं काम करत राहिले. जांभळ्या साडीचे चार धागे चिमट्यात धरून ज्योतीला लावले. ते सळसळत मागे सरले, वितळले आणि एक जळता थेंब टपकन ताटलीतल्या पाण्यात पडला. चिमट्याला काळी गोळी चिकटून राहिली. आई भाजी सोडून बघायला लागली.

"परत कर बघू."

मी परत केलं. मग आजीच्या सुती साडीचे धागे लावले. क्षणात जळाले, राख उडाली. आईनं ती टणक गोळी थंड झाल्यावर बोटांत घेऊन दाबून बघितली. फुटेना.

"त्या दिवसभर चुलीपुढं असायच्या," ती म्हणाली. "गावाला गॅस आला तेव्हा तू तिसरीत होतीस."

मी गप्प.

"मग एकदा सांगायचं ना! मी बदलून आणली असती." हे ती माझ्याशी बोलत नव्हती. मग ती उठली आणि चहा टाकला, आम्ही दोघींनी आत्ताच चहा घेतलेला असताना.

खरं कारण तेच होतं का? कोण सांगणार? आजीला जांभळा रंग आवडत नसेल. काकू जास्त लाडकी असेल, तेही शक्य आहे, आजी काही देवमाणूस नव्हती. पण त्या दिवसानंतर आई साड्यांजवळ बसायला लागली. ही नेसून त्या पंढरपूरला गेल्या होत्या. ही तुझ्या बारशाची. ही इरकल दादांच्या लग्नातली.

इरकलवरून मग मावशी आणि आईची जुंपली. आईला लाल पदर गोधडीच्या मधोमध हवा होता. मावशींचं म्हणणं, इरकल अंगाला सुती असली तरी पदर रेशमाचा, तो सुताबरोबर धुतला जाणार नाही आणि लाल रंग सगळ्यांना लागेल. आईनं तो मिठाच्या पाण्यात घातला. तिसऱ्या पाण्यालाही गुलाबी उतरत होतं. (मीठ कापड रंगवताना रंग आत शिरायला मदत करतं, सुटणारा रंग नंतर धरून ठेवत नाही, पण हे आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही.) ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघितलं, फडकं लाल. पदर बाद! इरकलीचं काळं सुती अंग तेवढं घेतलं.

आणि मग आई म्हणाली, "ती जांभळीपण लावा."

मावशींनी सरळ नकार दिला. सुई घसरते, टाका आवळला की चुणी पडते, अंगाला घाम धरत नाही, शेकोटीजवळ तर नकोच. सगळं बरोबर होतं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक ठिगळ. वितभर." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी मावशींनी खाली सुती तुकडा धरून पायाकडच्या कोपऱ्यात एक चौकोन बसवला, पुटपुटत.

धावदोरे मी आणि आईनं घातले, बाहेरच्या कडेनं सुरू करून आत आत. शनिवार-रविवार करत जून उजाडला. माझे टाके भाताच्या शितांएवढे, आईचे तिळाएवढे. ते लगेच ओळखू येतात.

मावशी म्हणाल्या होत्या तसंच झालं. पहिल्या धुण्यानंतर जांभळ्या ठिगळाला चुण्या पडल्या आणि मध्ये तो फुग्यासारखा वर आला. गोधडी माझ्या पुण्याच्या खोलीत असते. आई आली की रात्री तीच घेते, आणि उलटी पांघरते, पायाकडची बाजू वर हनुवटीपर्यंत घेऊन.