छोटा हत्ती आणि १९ हजार बैल

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने मागच्या वर्षी घर बदललं. त्याचा फोटो बघून आम्ही चाट! त्याच्या गाडीच्या मागे हुक, हुकाला भाड्याचा ट्रेलर, ट्रेलरमध्ये अख्खा संसार, आणि पठ्ठ्या गॉगल लावून ड्रायव्हिंग सीटवर. ना हमाल, ना टेम्पो, ना 'साहेब, चहापाणी'. तिकडे यू-हॉल नावाची कंपनी १९४५ पासून हाच धंदा करतेय. एका गावात ट्रेलर घ्यायचा, हजार मैलांवर दुसऱ्या गावात परत द्यायचा. सही ना?

त्यामुळे आईचं लालबागचं घर वडगाव मावळला हलवायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला हाच फंडा आला. आमच्याकडे छोटी एसयूव्ही आहे. नवऱ्याची नोकरी तळेगाव एमआयडीसीत, म्हणून चार महिन्यांपूर्वी आम्ही वडगावात भाड्याने जागा घेतली होती. इकडे आईची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. ट्रान्झिटमध्ये एकटी राहायला ती तयार नव्हती, आणि आमच्याकडे यायलाही फारशी तयार नव्हती. पण खोली तर रिकामी करून द्यायची होती.

गॅरेजवाल्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "हुक लावून देतो मॅडम. ट्रेलर कुठून आणणार?"

बरोबर होतं त्याचं. आपल्याकडे गाडीमागचा भाड्याचा ट्रेलर कोपऱ्यावर मिळत नाही. शिवाय ट्रेलर म्हणजे कायद्याने वेगळं वाहन, त्याची स्वतःची नोंदणी लागते. महाराष्ट्रात ट्रेलर म्हटलं की एक तर जेएनपीटीचे कंटेनरवाले, नाही तर ऊस वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली. मधलं काही नाही. मधल्या लोकांसाठी आहे छोटा हत्ती! २००५ साली तो रस्त्यावर आला तेव्हा त्याला दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, आणि तेवढ्यावर त्याने अर्ध्या देशाचे संसार हलवले.

तर ठरलं असं. सामान छोट्या हत्तीत, नाजूक वस्तू आमच्या गाडीत, आणि वार मंगळवार. (पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या दिशेला सामान घेऊन निघणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.)

खरी लढाई लालबागलाच झाली. माझी यादी एका पानाची होती, आईची एका वहीची. लोखंडी कपाट, बाबांची पुस्तकं, पितळेचा बंब, आणि पाटा-वरवंटा.

"आई, मिक्सर आहे ना तिकडे!"

"असू दे."

"चार वर्षांत एकदा तरी वाटलंयस का त्याच्यावर काही?"

"म्हणून टाकून देऊ?"

यावर उत्तर नसतं. पाटा हत्तीत चढला. कपाटही चढलं. ड्रायव्हरदादा बारामतीकडचे होते, बोलणं मोजकं. त्यांनी सगळं उतरवून पुन्हा लावलं. "जड सगळं पुढं, केबिनला चिकटून. मागं वजन झालं की चढावर तोंड उचलतो हा." गंमत म्हणजे मावसभावाने ट्रेलरबद्दल हेच सांगितलं होतं. साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवायचं, नाही तर ट्रेलर मागे डुलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो.

निघताना आईने जाहीर केलं, "मी टेम्पोत बसते. सामानाकडे कोणीतरी बघायला हवं." केबिनच्या मागचं सामान केबिनमधून कसं बघणार, हे विचारायची हिंमत आमच्यात नव्हती. देवांचा डबा मांडीवर घेऊन ती दादांच्या शेजारी बसली. आम्ही मागे, एसीत, गाणी लावून.

पनवेलनंतर दादांनी जुना हायवे धरला. एक्स्प्रेसवेला हत्तीला दम मिळत नाही, मागून मोठ्या गाड्या अंगावर येतात, असं त्यांचं म्हणणं. खोपोलीपर्यंत मस्त चाललं. मग घाट सुरू झाला, आणि शिंग्रोबाच्या थोडं अलीकडे समोरचा हत्ती हळू झाला, आणखी हळू झाला आणि कडेला थांबला. आई उतरली. सीटखालून वाफा येत होत्या.

चूक सरळसरळ आमची होती. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. दादा एवढंच म्हणाले, "मावशी, घाटाला खोटं चालत नाही."

शिंग्रोबाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. घाटातून वाट काढताना इंग्रजांना रस्ता सापडेना, तो एका धनगराने दाखवला आणि पुढे त्याचाच जीव घेतला गेला, असं सांगतात. त्याचं देऊळ इथे आहे, आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात. इंजिन थंड व्हायला पाऊण तास लागला. तेवढ्यात आईने दहाचं नाणं वाहिलं आणि नवऱ्याने निमूटपणे बाबांची पुस्तकं, बंब आणि पाटा-वरवंटा आमच्या गाडीत आणला. मागची सीट दिसेनाशी झाली. माझ्या पायाशी वरवंटा. एसयूव्हीने चढावर जो आवाज काढला, तो मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता!

वर एक्स्प्रेसवेला रस्ता मिळतो तिथे हत्तीचा वेग थोडा कमी झाला. आईने नंतर सांगितलं की ती अमृतांजन पूल शोधत होती. १८३० सालचा तो दगडी पूल ५ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना पाडला. ती पेपरात वाचून होती, तरी शोधत होती. बाबांबरोबर ती याच घाटाने एसटीने जायची.

घाटात अडकलेले आम्ही पहिले नव्हेत, हे मला वडगावात आल्यावर कळलं. इथे महादजी शिंद्यांचं स्मारक आहे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांपुढे शरणागती पत्करली ती याच वडगावात. शाळेत एका ओळीत शिकलेला वडगावचा तह. पण त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे सामान! राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघालेलं सैन्य जेमतेम चार हजारांच्या आसपास, आणि त्यांचं सामान ओढायला १९ हजारांवर बैल. विचार करा, माणशी जवळजवळ पाच बैल! बोरघाट चढून डिसेंबरात वर आलेली ही वरात तळेगावला पोचली ९ जानेवारीला. आज लोकलने खंडाळ्याच्या पुढून, म्हणजे लोणावळ्याहून, तळेगावला चहा थंड होईपर्यंत पोचता येतं. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई देण्यापेक्षा वाटेतला चारा-धान्य जाळलं, गावं रिकामी केली आणि या वरातीला दमवलं. शेवटी ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, साठा पेटवला आणि परत फिरले. वडगावपर्यंत येईतो घेरले गेले.

म्हणजे एवढं वर चढवलेलं सामान शेवटी तळ्यात. हे आईला मी मोठ्या हौसेने सांगितलं. तिने विचारलं, "मग बैलांचं काय झालं?"

असो. आमची वरात लोणावळा, कार्ले फाटा, कामशेत करत दुपारी तीनला वडगावात आली. पाऊस धो धो. आमच्या घराकडे जाणारी गल्ली पाइपसाठी खणलेली, पुढे सगळा चिखल. दादा उतरून दोन पावलं चालले, चप्पल तिथेच राहिली. ते म्हणाले, "हत्ती आत जाणार नाही."

घरमालक काका छत्री घेऊन आले, बघितलं, काही न बोलता परत गेले. दहा मिनिटांनी ट्रॅक्टर घेऊन आले. मागे ट्रॉली! खाली वाकून त्यांनी हुकातली पिन हलवून पाहिली, ताडपत्री पसरली आणि म्हणाले, "चढवा वहिनी काय ते." शेवटचे दोनशे मीटर आईचा संसार ट्रेलरमधूनच गेला. मी फोटो काढून मावसभावाला पाठवला. त्याने विचारलं, पर डे रेट काय? रेट होता चहा आणि कांदाभजी.

कपाट मात्र जिन्यात वळेना. तिरकं केलं, उभं केलं, कठडा काढून झाला. मालक म्हणाले, "राहू दे आमच्या शेडमध्ये तात्पुरतं." आई काही बोलली नाही. रात्री जेवायलाही नीट बसली नाही.

काकूंनी शेजारधर्म म्हणून भात पाठवला होता, डब्याचं झाकण उघडताच घरभर वास. आईने एक घास घेतला. "इंद्रायणी आहे?" मी सांगितलं, इथलाच. इंद्रायणी तांदूळ इथल्याच, वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून आला, १९८७ मध्ये. लालबागच्या वाण्याकडून आई वर्षानुवर्षं हाच आणायची, तो कुठून येतो हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने अजून भात वाढून घेतला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. पाटा मागच्या दारी आहे. काकू त्यावर मिरच्यांचा ठेचा वाटायला येतात, कारण त्यांनी त्यांचा कधीच देऊन टाकला होता. कपाट अजून शेडमध्येच आहे, ट्रॉलीच्या शेजारी. आई दोन-तीन दिवसांनी किल्ली घेऊन तिकडे जाते आणि कपाटातून एकेक वस्तू वर आणते. काल बाबांचं स्वेटर आणलं. थंडी सुरू झालीय म्हणाली, जावयाला होईल.