रेडिओचा मोठा आवाज

शत्रूच्या मनात भीती घालायची, आपल्या लोकांचा धीर टिकवायचा आणि जमले तर शत्रूच्या घरात भांडण लावून द्यायचे, ही मानसिक युद्धाची जुनी रीत. कोल्हापूर सरहद्दीपासून कितीतरी दूर. तोफेचा आवाज इथे कधी आला नाही. हे दुसरे युद्ध मात्र आमच्या गल्लीत दर वेळी येऊन गेले.

1965 मध्ये आणि पुन्हा 1971 मध्ये आमचे अब्बा संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या लावत, तेही मुद्दाम मोठ्या आवाजात. घरात कुणाला कमी ऐकू येत नव्हते. आवाज भिंतीपलीकडे जावा, एवढाच हेतू. हळू आवाजात रेडिओ ऐकणारा मुसलमान म्हणजे रेडिओ पाकिस्तान ऐकणारा, अशी कुजबुज तेव्हा चाले. खेमकरणच्या रणात शत्रूचे रणगाडे उडवता उडवता अब्दुल हमीद शहीद झाले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आमच्या रेडिओचा आवाज काही त्यामुळे कमी झाला नाही.

1971 मध्ये माणेकशा यांनी पूर्व पाकिस्तानात वेढल्या गेलेल्या सैनिकांना रेडिओवरून आणि विमानातून टाकलेल्या पत्रकांतून शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. जिनिव्हा कराराप्रमाणे वागवू, असा शब्द दिला. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे 93 हजार लोक ताब्यात आले. तिकडे पश्चिम पाकिस्तानातल्या जनतेला शेवटपर्यंत विजयाच्याच बातम्या ऐकवल्या जात होत्या. ढाका पडल्याचे कळले तेव्हा त्या लोकांचे काय झाले असेल! त्यांना फसवणारे त्यांचेच होते.

पण आपल्याकडे तरी काय? 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला 26 जणांना मारले. पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. धर्म विचारण्यामागचा डाव उघड होता. गोळी तिथे झाडायची आणि भडका गावोगाव उडवायचा. पर्यटकांना वाचवू पाहणारा घोडेवाला आदिल हुसेन शाह तिथेच मारला गेला, ही गोष्ट त्या डावात बसत नव्हती. मग 7 मेपासून लढाई जुंपली. 8 मेच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबादही घेतले. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पडलेल्या विमानाची आग कराचीची म्हणून फिरली. पलीकडून बैरूतचा 2020 मधला स्फोट भारतावरचा हल्ला म्हणून आला. भारत स्वतःच अमृतसरवर मारा करतो आहे, असाही प्रचार झाला. शिखांच्या मनात विष कालवण्याचा तो प्रयत्न होता.

त्या दिवसांत कर्नल सोफिया कुरेशी रोज दूरदर्शनवर दिसत. आमच्या घरातल्या मुली कामे टाकून त्यांना ऐकायला बसत. वाटले, आता रेडिओचा आवाज जरा कमी करायला हरकत नाही. तेवढ्यात मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने जाहीर सभेत त्यांचे नाते दहशतवाद्यांशी जोडले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन 14 मे रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, म्हणून निदान बोलायला तरी जागा राहिली.

आणि त्याच सुमारास आमच्या मोबाईलवर मजकूर आला, की कर्नलसाहेबांच्या बेळगावच्या सासरी संघाच्या लोकांनी हल्ला करून घर फोडले. त्यांचे सासर गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरचे, म्हणजे कोल्हापूरहून अगदी जवळचे. मंत्र्याचे बोलणे ताजे होते, जून 2023 मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात झालेली दगडफेकही कुणी विसरले नव्हते. त्यामुळे ही बातमी आमच्या भीतीत चपखल बसत होती. बनवणाऱ्याने मापच तसे घेतले होते. पाकिस्तानात देशाचे नाक कापायला ती उपयोगी, आणि इथे आम्हाला चिथवायला. आमच्याविरुद्धची थाप आम्ही लगेच ओळखतो. आमची कड घेऊन आलेली थाप ओळखणे फार जड जाते.

गोकाककडे आमचे सोयरे आहेत. फोन लावला. मामू म्हणाले, "कुठला हल्ला? इथं तर कायबी नाही." बेळगाव पोलिसांनीही असे काही घडलेच नाही, पोस्ट खोटी आहे, असे जाहीर केले. तो खुलासा आम्ही ग्रुपवर टाकला. हल्ल्याच्या बातमीवर जेवढे लोक बोलले होते, तेवढे यावर बोलले नाहीत. रात्री उशिरा एका भाभीजानचा तेवढा निरोप आला, "म्हणजे घर शाबूत आहे ना?"