डॉक्टरांचे मंडळ

आमच्या किकवीत मंडळांना तोटा नाही. गणपतीचे मंडळ आहे, भजनी मंडळ आहे, बायकांचे बचत गट आहेत. पण डॉक्टरांचेही मंडळ असते, हे मला कळले ते पुण्यात एका बंद दारासमोर.

मी तेव्हा अकरावीत होतो. माझे धाकटे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, दोन वर्षांपासून आजारी होते. जवळ कोणी नसताना त्यांना आवाज ऐकू येत. भाकरीत कोणी विष कालवले आहे असे वाटून ते उपाशी राहत. देवऋषी झाला, अंगारे-धुपारे झाले. एका रात्री ते पुणे-सातारा रस्त्यावर ट्रकसमोर धावत सुटले. वडिलांनी त्यांना धरून आणले आणि गोठ्यातल्या खांबाला बांधले. दोर आणून दिला तो मी. ही गोष्ट आजवर मी कोणाला सांगितलेली नाही.

पुढे कोणीतरी पुण्यातल्या मनोविकारतज्ज्ञांचा पत्ता दिला. गोळ्या सुरू झाल्या. नाना जेवू लागले, झोपू लागले. एकदा मात्र आम्ही एस.टी.ने स्वारगेटला उतरून दवाखान्यात गेलो, तर दाराला पाटी : 'संघटनेच्या अधिवेशनासाठी दोन दिवस दवाखाना बंद.' वडिलांचा रोज बुडाला होता. ते चिडून म्हणाले, "ह्यांना कशाला पायजे मंडळ? च्या प्यायला जमत्यात सगळे."

पुढच्या खेपेला मी धीर करून डॉक्टरांना तेच विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हाड मोडलं तर एक्स-रे काढता येतो. माझ्या हाती फक्त पेशंटचं आणि तुमचं बोलणं. एकटाच बसलो तर मला माझंच खरं वाटू लागेल. तिथं माझी चूक दाखवणारे चार जण भेटतात."

महाविद्यालयात आल्यावर मी ग्रंथालयात या विषयावर मिळेल ते वाचले. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी १९४७ साली स्थापन झाली. तिच्या विभागवार शाखा आहेत. आपण पश्चिम विभागात येतो. पुणे-मुंबईच्या डॉक्टरांच्या आणखी वेगळ्या संस्था आहेत. नवी औषधे, अवघड रुग्ण, उपचारांची मार्गदर्शक सूत्रे यांवर तिथे चर्चा होते. पण मला खरे थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. आपल्याकडे इंग्रजांचा १९१२ चा कायदा चालू होता आणि त्याच्या नावातच रुग्णाला 'वेडा' म्हटले होते. तो बदलावा म्हणून या सोसायटीने १९५० मध्ये सरकारला नव्या कायद्याचा मसुदा दिला. कायदा संमत व्हायला १९८७ साल उजाडले. सदतीस वर्षे! एकटा डॉक्टर इतकी वर्षे कसा पुरला असता? माणसे निवृत्त झाली, काही वारली असतील, पण मागणी संस्थेजवळ राहिली.

त्यानंतर २०१७ चा कायदा आला. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. ते कलम वाचून मी पुस्तक मिटले. आमच्याकडे साखळी नव्हती, दोर होता, एवढाच काय तो फरक.

वडिलांचा राग आता मला निराळा दिसतो. डॉक्टरांना मंडळ होते, याचे त्यांना दुःख नव्हते. आपल्याला कोणी नव्हते, याचे होते. त्या रात्री 'असे बांधू नका' म्हणणारा गावात एकही माणूस नव्हता, कारण आम्हीच कोणाला काही सांगितले नव्हते. पुण्यात १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. रुग्णांच्या घरच्यांना एकत्र बसून बोलता यावे, हा तिच्या कामाचा एक भाग. डॉक्टरांना जी गरज वाटली तीच घरच्यांनाही असते, हे कोणीतरी ओळखले होते. किकवीपर्यंत मात्र त्यातले काही पोहोचले नव्हते.

हा लेख लिहितो आहे म्हटल्यावर आई घाबरली. "ताईचं लगीन व्हायचंय. लोक काय म्हणतील?" तिचे भय खोटे नाही. मग मी नानांनाच विचारले. ते भाताच्या खाचरात बांध घालत होते. मान वर न करता म्हणाले, "माझं नाव घालू नको. पर गोळ्या खातो न् काम करतो, ते लिही."

म्हणून नाव घातलेले नाही. दोराचे मात्र लिहिले. ते माझे होते.