नव्या घराचा कठडा

आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्र ओळीने वाचतात. आवडता अध्याय निवडायचा नाही, रूक्ष वाटला म्हणून गाळायचाही नाही, ही सासऱ्यांची शिस्त. यवतमाळात 1953 पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीला गेली. तरुणपणी सासरे तिथल्या विद्यार्थ्यांना वाट दाखवायला सायकलवर खेड्यापाड्यांत जात. केरळची, नागालँडची ती मुलं मोडक्या मराठीत गाणी म्हणत आणि रोज नेमाने वाचत. ती सवय सासऱ्यांनी उचलली. त्यामुळे शुभवर्तमानं आणि स्तोत्रं आमच्याकडे जितक्यांदा वाचून झाली, तितक्यांदाच लेवीय आणि अनुवाद ही पुस्तकंही.

अनुवाद तर सासऱ्यांच्या खास जिव्हाळ्याचा. “हे पुस्तक कास्तकाराले समजते,” असं ते म्हणायचे. अकराव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो, की मिसरात तुम्ही पाणी देऊन मळा पिकवत होता, आता जिथे निघालात तो देश आभाळाच्या पावसावर जगतो. देवाने वचन देऊन दिलेली जमीन कोरडवाहू! राळेगाव तालुक्यातली आमची सहा एकरही तशीच. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला या अध्यायाचा किती आधार वाटतो, ते ओलिताच्या शेतकऱ्याला सांगून कळायचं नाही.

सासूबाई फार बोलायच्या नाहीत, पण खरा तराजू त्यांनी मला शिकवला. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवस बुडताना बायका गाठोडी घेऊन धुऱ्यावर येतात आणि मालक काटा धरतो. तिथेच मापात पाप होतं. कोणी गाठोड्याच्या कापडाचं म्हणून अर्धा किलो कापतं, कोणी वरचे ग्रॅम सोडून देतं, कोणाचा काटाच सैल असतो. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईला त्या उजेडात आकडा दिसतही नाही. सासूबाई आधी पाच किलोचं माप काट्याला लावायच्या आणि बायकांपैकीच एकीला पुढे बोलावून म्हणायच्या, “पाय वो बाई, पाच बरोबर दाखवते काय?” तिने हो म्हटल्याशिवाय पहिलं गाठोडं चढायचं नाही. गाठोडं सोडलं की रिकामं कापड वेगळं तोलायच्या, जेवढं भरेल तेवढंच कापायच्या. पैसे त्याच संध्याकाळी. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे आणि मापाचं सांगणंही त्याच अध्यायात आहे. वेचणाऱ्या बायका ख्रिस्ती नव्हत्या, आजही नाहीत. पहिल्या वेचणीला त्या आमच्याच शेतात सीतादहीची पूजा करतात, आम्ही आमची प्रार्थना करतो. शेवटचा वेचा झाला की उरलेली बोंडं सरवा वेचणाऱ्यांची. रूथची गोष्ट ऐकत वाढलेल्या घरात त्याला वेगळा नियम लागत नाही.

शास्त्राची सगळी वचनं अशी सरळ हातात येत नाहीत. शेजारच्यांनी एकदा कर्जाला जामीन राहायला विचारलं. दुसऱ्याला जामीन राहू नको, असं नीतिसूत्रे पुन्हा पुन्हा बजावतात. उसनं मागणाऱ्याला पाठमोरा होऊ नको, असं प्रभू येशू मत्तयात सांगतो. यजमानांनी सही दिली नाही. साठवलेली तूर विकून त्यांच्या मुलीच्या फीचे पैसे दिले, परत मागायचे नाहीत असं ठरवून. त्यांना सहीच हवी होती, म्हणून काही महिने बोलणं तुटलं. यजमान म्हणतात, ठीक केलं. मला अजून वाटतं, सही करायला हवी होती.

कठड्याच्या वचनाबद्दल मात्र आमच्यात दुमत झालं नाही.

2017 च्या पावसाळ्यात आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली. अळीच्या धास्तीने लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच पंपात मिसळत होते. फवारणीची मजुरी पंपामागे असल्याने मजूर जितके जास्त पंप रिकामे करील तितकी कमाई. पऱ्हाटीच्या दाटीत नळी वर धरून चालायचं, वारा फिरला की फवारा तोंडावर, उकाड्याने अंगातला सदरा ओला आणि त्यावर औषध. मग आजूबाजूच्या गावांतून बातम्या यायला लागल्या. कोणाला दिसेनासं झालं, कोणाला मळमळ, कोणी शेतातच कोसळला. यवतमाळच्या मेडिकलमध्ये खाटा भरल्या. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात होती. पारावर, कृषी केंद्रावर एकच बोलणं ऐकू यायचं: मजूर ऐकत नाहीत, हातमोजे घालत नाहीत, तोंड बांधत नाहीत.

त्या दिवसांत वाचनात अनुवादाचा बाविसावा अध्याय आला. नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, अशा अर्थाचं वचन त्यात आहे. यजमान ते वाचून थांबले. म्हणाले, “पडणाऱ्यानं जपून चालाचं होतं, असं इथं कुठंच नाई लिहिलं.” पुढचं वाचन त्या रात्री झालं नाही. आम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलो.

आमच्याकडे फवारणीला येणारा मुलगा कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, नुकतं लग्न झालेला. सकाळी यजमानांनी त्याच्यासमोर चष्मा, मास्क, हातमोजे, अंगभर घालायचा झगा ठेवला. त्याने झगा चढवला, पऱ्हाटीची दोन तासं चालून परत आला आणि काढून ठेवला. “भाऊ, याच्यात तं मी उकडूनच मरन.” त्याचं खरं होतं. ऑगस्टच्या दमट उन्हात तो झगा घालून पाठीवर पंप वाहणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. मजूर ऐकत नाहीत म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः तो घालून पाहिला होता?

नुसतं सामान विकत आणून कठडा होत नाही, हे तिथे कळलं. मग यजमानांनी पंपामागची मजुरीच बंद करून त्याला रोज लावला. पंप किती झाले हे मोजायचंच नाही. फवारणी फटफटल्यावर सुरू करायची, ऊन चढायच्या आत आटोपायची, तेवढ्या वेळात झगा सोसवतो. वारा सुटला की घरी यायचं, रोज पूर्ण मिळेल. पाठीमागे वारा ठेवून चालायचं. एका वेळी एकच औषध. विहिरीवर साबण आणि कोरडे कपडे ठेवायचे, आंघोळ केल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. पऱ्हाटी डोक्यावर गेलेल्या पट्ट्यात त्याला पाठवायचंच नाही, असंही ठरलं. त्या पट्ट्यातली बोंडं गुलाबी अळीने खाल्ली. शेजारचे धुऱ्यावरून म्हणाले, “तुमचं पुस्तक अळी मारते काय?” यजमानांनी उत्तर दिलं नाही. नुकसान खरंच होतं. ते वर्ष आम्हाला फार जड गेलं आणि नाताळाला पोरांना नवे कपडे झाले नाहीत.

गावात दोघा-तिघांचा राग अजून आहे. तुम्ही मजूर बिघडवले, म्हणतात. त्या मुलाला आता दोन लेकरं आहेत आणि फवारणीच्या दिवसांत तो आमच्याशिवाय इतरांकडेही जातो. बोलावणं आलं की तो आधी विचारतो, रोजानं का पंपानं? पंपाने म्हटलं तर जात नाही. मागच्या हंगामात त्याच्या पोडावरच्या आणखी काही जणांनी तसंच विचारायला सुरुवात केली आणि एका मोठ्या कास्तकाराने कुरकुरत का होईना, रोज कबूल केला.