आईला चालत जाता येईल असं घर

पुण्यात नवीन असताना मी गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, "धनकवडी? मग जवळच की!" मी म्हणायचे, "धनकवडी नाही, ढाणकी. तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ." मग तो म्हणायचा, "अच्छा, नागपूरकडे." तेही नाही. आमचा पट्टा पैनगंगेच्या अलीकडचा. नदी ओलांडली की मराठवाडा. जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटरवर. म्हणून दुखणं जरा मोठं निघालं की आमच्याकडची माणसं यवतमाळला जात नाहीत, नांदेडला जातात.

गंमत अशी की पुढे मी खरोखरच धनकवडीत राहायला गेले. पण ते नंतर. आधी उमरखेडची खोली.

मी दहावी झाले तेव्हा आमच्या घरात एकच चर्चा होती, पास काढायचा की खोली करायची. मला सायन्स घ्यायचं होतं आणि शिकवण्या उमरखेडला होत्या. अंतर वीसेक किलोमीटर. एसटीचा विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास होता. बाबांनी कागदावर हिशोब मांडला. एका बाजूला पास, दुसऱ्या बाजूला खोलीचं भाडं, गॅस, दूध. पास कितीतरी स्वस्त पडत होता. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "शिकवणी किती वाजता सुटते?"

मी म्हणाले, "साडेसहा."

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. संध्याकाळची सोयीची गाडी त्याच्या आधीच निघायची. तिच्यानंतर उरायची ती काळी-पिवळी, तीही भरली तरच सुटणारी. आठवड्याभरात आम्ही उमरखेडला खोली केली. मी, दादा आणि आई तिकडे. बाबा शेतीसाठी ढाणकीत.

दोन वर्षं आमचं घर असं दोन गावांत वाटलेलं होतं. आई पहाटे उठून चार डबे करायची. तीन आमचे, चौथा बाबांचा. तो सकाळच्या गाडीत कंडक्टरकाकांच्या हवाली व्हायचा. बाबा ढाणकीच्या स्टँडवर उभे राहून डबा उतरवून घ्यायचे आणि रिकामा डबा परतीच्या गाडीनं पाठवायचे. कधी डब्यात चार लिंबं असायची, कधी शेतातल्या तुरीच्या शेंगा. मी एसटीत बसले नाही, पण आमचा डबा रोज बसला.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी खोलीचं भाडं परवडणारं नव्हतं. तिनं पास काढला. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गाडी यायची नाही, आणि कधी आलीच तर परत जाईल की नाही याचा भरवसा नसायचा. दिवाळीनंतर तिचं येणं बंद झालं. हुशारीत ती माझ्यापेक्षा एक पायरी वरच होती. आज ती दोन लेकरांची आई आहे. भेटली की हसून म्हणते, "तुझ्यावाली खोली मला भेटली असती तर!" मीही हसते. काय बोलणार?

२८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यात एसटी वाहून गेली आणि माणसं दगावली. मी तेव्हा पुण्यात होते. बातमी बघून बाबांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण तेव्हा खोली केली ते बरं केलं."

पुण्यात मी आले ती स्पर्धा परीक्षेच्या नादानं. नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट घेतली. खोली नाही, कॉट. एका खोलीत सहा मुली, प्रत्येकीची एक कॉट आणि कॉटखाली एक बॅग. तेवढ्या पैशात शहराच्या टोकाला दोघींत मिळून स्वतंत्र खोली मिळाली असती. पण पेठेतून अभ्यासिका चालत सहा मिनिटं, मेस चार मिनिटं, झेरॉक्सचं दुकान खालीच. महिनामहिना मी बसचं तिकीट काढलं नाही.

पुढे कळलं की हे मी एकटीनं शोधून काढलेलं शहाणपण नव्हतं. जॉन टर्नर नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं पेरू देशातल्या लिमा शहराच्या वस्त्यांमध्ये काम करताना हेच पाहिलं आणि १९६८ मध्ये मांडलं. शहरात नव्यानं आलेला गरीब माणूस आधी कामाच्या जवळ राहतो. जागा कितीही कोंदट असो, त्याला फक्त पाय टेकायचे असतात. पोटापाण्याचं जरा स्थिर झालं की तो शहराच्या कडेला सरकतो, कारण आता त्याला स्वतःची जमीन, स्वतःच्या चार भिंती हव्या असतात. लांबचा प्रवास तेव्हा त्याला चालतो. लिमातल्या त्या माणसाला वाड्यातली कॉट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नसतं.

परीक्षेत यश आलं नाही. नोकरी लागली ती हिंजवडीत. आता शहाण्या माणसानं वाकडला राहायला जावं. मी गेले धनकवडीत. ऑफिसात सगळे म्हणाले, "वेडी आहेस का? रोज तीन तास बसमध्ये घालवणार?" भाडं कमी होतं हे एक कारण. पण खरं कारण कात्रज. तिथून हिंजवडीची बस सुटते. बस जिथून सुटते तिथं बसायला जागा मिळते. दीड तास उभ्यानं लोंबकळणं आणि दीड तास खिडकीशी बसून गाणी ऐकणं, हे दोन वेगळे प्रवास आहेत. शिवाय स्टॉपपासून माझ्या खोलीपर्यंतच्या गल्लीत मेडिकल, डेअरी आणि अंडाभुर्जीची गाडी रात्री अकरापर्यंत चालू असायची. त्या उजेडातून मी निवांत घरी जायचे. वाकडला मी बघितलेल्या खोलीच्या वाटेवर एका बाजूला पत्रे ठोकलेलं बांधकाम होतं आणि दुसऱ्या बाजूला अंधार.

विल्यम अलोन्सो नावाच्या अर्थतज्ज्ञाचं १९६४ चं एक प्रसिद्ध पुस्तक आहे. त्यातला हिशोब थोडक्यात असा : शहराच्या मध्यापासून जसजसं लांब जाल तसतशी जागा स्वस्त होते आणि प्रवास महाग. प्रत्येक घर या दोन्हींचा मेळ घालून आपली जागा ठरवतं. मला तो हिशोब वाचताना बाबांचा कागद आठवला. बाबांनीही हेच केलं होतं. फक्त शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मुलगी किती वाजता सुटते ते विचारलं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आई ढाणकीत एकटी. दादा चाकणला कंपनीत, मी हिंजवडीत. आम्ही ठरवलं, कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा आणि आईला इकडे आणायचं. मोशीला नव्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर टू बीएचके बघितला. दादाला चाकण जवळ, मला हिंजवडी जमण्यासारखी, हप्ता दोघांच्या आवाक्यात. गॅलरीतून संध्याकाळचं आभाळ मोकळं दिसायचं. दादानं टोकन द्यायची तयारी केली. त्याआधी आईला दाखवायला घेऊन आलो. त्याच सोसायटीत दादाच्या मित्राचा फ्लॅट रिकामा होता, तिथं पंधरा दिवस राहिलो.

पहिल्या दिवशी तिला लिफ्टची धास्ती वाटली, दुसऱ्या दिवशी ती सरावली. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "इथं भाजी कुठं भेटते?" मी म्हणाले, "ॲपवर मागवायची, दहा मिनिटांत येते." "आन् पाय मोकळे करायला?" मी म्हणाले, "खाली गार्डन आहे ना." ती खाली जाऊन आली. म्हणाली, "तिथं बाया गोल गोल चालतात. कुठंच जात नाहीत."

बाराव्या दिवशी मी घरी आले तर ती दारातच बसली होती. तिच्या गोळ्या संपल्या होत्या. मेडिकल मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. दोनदा गेटपर्यंत गेली, वाहनं बघून परत आली. फोन कामून केला नाही म्हणून मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, ढाणकीत मी गोळ्या कुणाला मागत नाही. मी जाऊन आणते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ढाणकीतला तिचा दिवस मी मनात मोजला. सकाळी गिरणी. मग देऊळ. दुपारी मावशीकडे, येता येता किराणा. बाजाराच्या दिवशी बाजार. बीपी तपासायला दवाखाना. महिन्यातून एकदा बँक. सगळं पायी, सगळं एकटीनं, आणि वाटेत प्रत्येक ओट्यावर पाच मिनिटं. आम्ही तिला 'सुखात' आणायला निघालो होतो, आणि दिवसभरात ती जिथं जिथं जाते ती सगळी ठिकाणं काढून घेत होतो.

२०११ च्या जनगणनेत लोक कामावर किती लांब आणि कशानं जातात हे विचारलं होतं. उत्तरं विचार करायला लावणारी आहेत. नोंद झालेल्या सुमारे वीस कोटी कामगारांपैकी शंभरातले तीसेक कामासाठी प्रवासच करत नव्हते, बावीस-तेवीस पायी जात होते आणि चारचाकीनं जाणारे तीनही नव्हते. पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ही नोंद शेती आणि घरगुती उद्योग सोडून 'इतर' कामं करणाऱ्यांचीच होती. म्हणजे शेतावर जाणारे माझे बाबा त्यात नाहीत. गिरणीत, बाजारात, दवाखान्यात जाणारी आईही नाही. पहाटेच्या गाडीत डबा ठेवायला स्टँडवर जाणारी बाई कुठल्याच तक्त्यात नाही. आणि आमचं घर मात्र प्रत्येक वेळी ठरलं ते याच न मोजलेल्या फेऱ्यांवरून. उमरखेडची खोली असो की मोशीचा फ्लॅट.

मी दादाला म्हणाले, "आपण दोघांनी ऑफिसपासूनचं अंतर मोजलं. आईचं कुणी मोजलंच नाही." तो वैतागला. त्याचंही बरोबर होतं. नवीन घर त्यालाही हवं होतं, आणि जुन्या वस्तीत त्याच पैशात जेमतेम वन बीएचके येत होतं. आठ दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. शेवटी तोच म्हणाला, "आधी अकरा महिने भाड्यानं राहून बघू."

आता आम्ही निगडीत राहतो. जुनी इमारत, पहिला मजला, लिफ्ट नाही. हॉलमध्ये दादाची गादी रात्री पसरायची, सकाळी गुंडाळायची. पाण्याची वेळ सांभाळावी लागते. दादाची चाकणची फेरी लांबली, त्याबद्दल तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो. आई पेरणीच्या आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत ढाणकीला जातेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर ती आम्हाला विचारतही नाही, नुसतं सांगते. फ्लॅट घ्यायचा की नाही, घेतला तर कुठं, हे अजून ठरलेलं नाही. अकरा महिन्यांतले सात संपलेत.

परवा मी बसमध्ये होते. हिंजवडीच्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये बस पंधरा मिनिटं एका जागी उभी. आईचा फोन आला. मागे भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता.

"कुठं आहेस गं तू?" मी घाबरून विचारलं.

"बाजारात. वांगी चांगली आलीत," ती म्हणाली. "तू कुठपर्यंत आलीस?"