ओट्यावरील चट्टे

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या स्वयंपाकघरांत कडप्प्याचा नवा ओटा बसला. पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच त्या काळ्याभोर दगडावर पांढुरके चट्टे उमटले. माल हिणकस असें ठरवून आम्हीं ऐन संक्रांतीच्या तोंडावर गवंड्याची उरलेली मजुरी अडवून ठेविली. तो आला आणि चट्ट्यांवरून बोट फिरवून म्हणाला, "गुरुजी, लिंबं इथंच चिरतां ना?" कडप्पा हा चुन्याच्या जातीचा दगड, आंबट रस त्याची झिलई खातो. ओल्या पॉलिशपेपरनें घासून त्यानें चट्टे पुष्कळ फिके केले. अविचारानें कृति करूं नये, असें मुलांना जन्मभर शिकविणारे आम्हीच ना? मजुरी तत्काळ दिली. क्षमा मागावयास मात्र दोन दिवस लागले. आतां लिंबें पाटावर चिरतात. उरलेला एक पुसट चट्टा आम्हीं मुद्दाम राहूं दिला आहे.