पेशी एक, कामं सतरा

तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांना रक्त असतं का, असं मला खाणारेही विचारतात आणि शिकणारेही. असतं, फक्त ते लाल नसतं. शिंप किंचित उघडून, दोन्ही कवचं मिटवणाऱ्या स्नायूत बारीक सुई घातली की सिरिंजमध्ये पाण्यासारखा द्रव येतो, फार तर जरासा गढूळ. आपल्या रक्तासारखा तो नळ्यांच्या बंदिस्त जाळ्यात फिरत नाही. अवयवांमधल्या पोकळ्यांतून मोकळा वाहतो. त्यात तरंगणाऱ्या रक्तपेशींना हिमोसाइट म्हणतात. प्रदूषणाने त्यांचं काय होतं, हे पाहणं हा माझा व्यवसाय.

या विषयाची सुरुवातच समुद्रकाठी झाली. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या पेशी हा प्रतिकारशक्तीचा पाया आहे, हा त्यांचा सिद्धांत तिथून उभा राहिला. 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं.

आपल्या शरीरात गिळणाऱ्या पेशींच्या मदतीला प्रतिपिंडं असतात, ती तयार करणाऱ्या लिम्फोसाइट असतात. शिंपल्याकडे यातलं काही नाही. त्याची हिमोसाइट जिवाणू गिळते, जखमेवर गोळा होऊन ती बुजवते, पचलेलं अन्न अवयवांपर्यंत पोचवते, कवचाच्या दुरुस्तीत भाग घेते आणि शरीरात शिरलेले धातू पोटात घेऊन बाजूला ठेवते. ग्रामपंचायतीत एकच शिपाई असावा. घंटा त्यानेच द्यायची, टपाल त्यानेच वाटायचं आणि रात्री पहाराही त्यानेच करायचा, तशी तिची गत. असा माणूस एका कामात अडकला की बाकीची खोळंबतात. प्रदूषणाच्या परिणामाचं मर्म मला इथेच दिसतं.

पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशव्या असतात. गिळलेला जिवाणू तिथेच विरघळतो. तांबं, कॅडमियमसारखे धातूही तिथेच साठवले जातात. साठा वाढला की तांब्यामुळे तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू पिशवीच्या पातळ आवरणातली मेदद्रव्यं खराब करतात. आवरण झिरपू लागलं की आतली पाचक विकरं पेशीतच सांडतात. पेशी जगली तरी दुबळी होते आणि समोर आलेला जिवाणू नेहमीच्या गतीने संपवू शकत नाही.

हे झिरपणं डोळ्यांनी पाहता येतं. न्यूट्रल रेड नावाचा रंग जिवंत पेशीत शिरतो आणि आम्लात अडकून लायसोसोममध्ये साचतो. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशीत लाल ठिपके स्वच्छ वेगळे दिसतात. आवरण कमजोर असेल, तर रंग पाझरून सगळी पेशी गुलाबी होते. निम्म्या पेशींत पाझर दिसायला किती मिनिटं लागली, ते आम्ही मोजतो. युरोपातल्या समुद्रनिरीक्षणात 120 मिनिटं किंवा त्याहून अधिक म्हणजे प्राणी निरोगी. 50 ते 120 म्हणजे ताणाखाली, पण सावरून धरलेला. 50 च्या खाली म्हणजे अवस्था गंभीर, असा संकेत आहे. पद्धत स्वस्त आहे. त्रास एवढाच की ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा पेशी तपासाव्या लागतात, त्यामुळे मधेच उठून जाता येत नाही.

धातू निदान बांधून ठेवता येतात. प्लास्टिकच्या कणाचं पेशी काहीच करू शकत नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की शिनाण्यांच्या युरोपीय भावंडांनी गिळलेले काही मायक्रॉन आकाराचे कण तीन दिवसांत आतड्यातून रक्तद्रवात उतरले आणि 48 दिवसांनंतरही तिथे सापडत होते. काही कण रक्तपेशींच्या आतच होते. ज्या विकरांनी जिवाणू विरघळतो, त्यांचा प्लास्टिकवर काही परिणाम होत नाही.

आकडे वाचताना मात्र सावध राहावं लागतं. प्रदूषकाची मात्रा कमी असेल तर हिमोसाइटची संख्या आणि गिळण्याचा वेग कधी कधी वाढतो. मात्रा चढली की दोन्ही कोसळतात. म्हणजे वाढलेला आकडा निरोगीपणाचा दाखला ठरत नाही, तो धोक्याची पहिली चाहूलही असू शकतो. शिवाय आपल्या कोकणात पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर खाडीचं पाणी गोडं होत जातं, शिंपल्यांच्या रक्तद्रवाची क्षारता पाण्यामागोमाग उतरते आणि पेशी फुगतात. उन्हाळी ओहोटीत तापलेल्या खडकावर उघडी पडलेली कालवं वेगळ्या ताणाखाली असतात. कारखान्याच्या सांडपाण्याशी याचा काहीच संबंध नसतो. म्हणून त्याच ऋतूत, तितक्याच क्षारतेच्या स्वच्छ खाडीतले शिंपले तुलनेला घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असं मी विद्यार्थ्यांना बजावतो. पेशी पीडा सांगते; आरोपीचं नाव तिच्याकडून कळत नाही.

पीडेची गाठ मृत्यूशी कशी पडते, ते फ्रान्सच्या कालवांनी दाखवलं. 2008 पासून तिथल्या शेतीतली कोवळी कालवं, पाणी 16 अंशांवर गेलं की, मोठ्या संख्येने मरू लागली. कारण एक विषाणू होता. पण 2018 मध्ये स्पष्ट झालं, की विषाणू आधी हिमोसाइटचा प्रतिकार पांगळा करतो आणि प्रत्यक्ष जीव घेतात ते आधीपासून अंगावर असलेले संधिसाधू जिवाणू. इथे पेशी विषाणूने पांगळी केली. तेच काम धातू, तेल किंवा उष्णता करू शकते, आणि तिथेही मृत प्राण्यात सापडेल तो जिवाणूच.

पाण्याचे निकष ठरवताना आपण प्रत्येक रसायनाची मर्यादा वेगळी लिहितो: तांबं एवढं, शिसं एवढं. प्रत्येक आकडा मर्यादेत असला की पाणी ठीक. शिंपला मात्र तासाला लिटर-दीड लिटर पाणी गाळतो आणि त्यातलं सगळं एकाच पेशीकडे येतं, वर ऋतूचा ताण असतोच. रासायनिक तक्त्याशेजारी रंग पाझरायला लागलेल्या मिनिटांचा एक रकाना जोडायला फार खर्च येत नाही. तो भरल्याशिवाय खाडी निरोगी असल्याचा शेरा मी तरी मारणार नाही.